ताऱ्यांसाठी कॅमेरा घेताना लेन्सचं तोंड बघा

"मामा, पंचवीस हजार साठलेत. आकाशाचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घेऊ?"

भाऊबीजेला ताई आली होती, सोबत भाची. ती नाशिकच्या केटीएचएम कॉलेजात फिजिक्स शिकते. फराळाची ताटली बाजूला सारून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात चार मॉडेलं निवडून ठेवली होती. चारही नवीकोरी, आणि चारहींच्या वर्णनात पहिला आकडा मेगापिक्सेलचा. मी तीस वर्षं नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारं बनतात त्या विभागात, काम करतोय, आणि त्यातली जवळजवळ वीस वर्षं अमावस्या जवळ आली की कॅमेरा घेऊन शहराबाहेर पडतोय. तिला सांगायला बसलो ते दोन तास बोलतच राहिलो. तेच इथे नीट मांडतो, कारण कंपनीतली पोरंही मला हेच विचारतात. बहुतेकांचे पैसे तोवर चुकीच्या जागी जाऊन बसलेले असतात, त्याचं वाईट वाटतं.

अंगणातलं भांडं

पावसाळ्यात अंगणात एक भांडं ठेवलंय असं समजा. पाऊस कोसळत असेल तर वाटीसुद्धा दोन मिनिटांत भरते. पण नुसती भुरभुर असेल, तर पाणी किती साठणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: भांड्याचं तोंड केवढं आहे आणि ते किती वेळ बाहेर राहिलं. दिवसाचा उजेड म्हणजे कोसळणारा पाऊस. त्यात मोबाइलची चिमुकली लेन्सही पुरते. ताऱ्यांचा उजेड मात्र भुरभुरीसारखा, अक्षरशः थेंबाथेंबाने येतो. भांड्याचं तोंड म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, ज्याला ॲपर्चर म्हणतात. भांडं बाहेर किती वेळ ठेवलं, ते शटरचा वेळ.

मग मेगापिक्सेल म्हणजे काय? घंगाळ काढून तेवढ्याच जागेत वाट्या मांडल्या, तर वाट्या किती हा तो आकडा. अठराच्या जागी चोवीस वाट्या मांडल्या म्हणून आभाळातून जास्त पाणी पडत नाही. आणि आयएसओ? पाणी साठून झाल्यावर ते मोजताना आकडा मोठा करून सांगणं. आयएसओ ६४०० केला की फोटो उजळ दिसतो, पण सेन्सरवर, म्हणजे लेन्समागच्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, एक थेंबही जादा पडलेला नसतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली, की दुकानदाराच्या निम्म्या बोलण्याचा तुमच्यावर परिणाम होणार नाही.

आता थोडा हिशेब, कारण सगळी खरेदी त्यावर उभी आहे. लेन्सचे दोन आकडे असतात: फोकल लेंग्थ, म्हणजे ती चित्र किती जवळ आणते तो मिलीमीटरमधला (एमएम) आकडा, आणि एफ नंबर, जो जितका लहान तितका उजेड जास्त. फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर, म्हणजे तोंडाचा व्यास. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळते ती १८-५५ ची किट लेन्स घ्या. १८ एमएमला तिचा एफ नंबर ३.५. अठरा भागिले साडेतीन म्हणजे जेमतेम ५ मिलीमीटर. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलीमीटर उघडते. म्हणजे ती किट लेन्स रुंद आकाश बघताना तुमच्या डोळ्यापेक्षाही लहान तोंडाने बघते. आता ५० एमएम, एफ/१.८ ही साधी, हलकी, प्लॅस्टिकची लेन्स घ्या. पन्नास भागिले १.८ म्हणजे जवळजवळ २८ मिलीमीटर. तोंडाचं क्षेत्रफळ किटच्या २९ पट! एकेक तारा टिपायचा तर फरक एवढा मोठा पडतो. तेजोमेघ (आकाशातले वायू-धुळीचे उजळ ढग) किंवा आकाशगंगेसारख्या पसरलेल्या उजेडाला मात्र एफ नंबर बघायचा. ३.५ वरून १.८ वर आलो की प्रत्येक पिक्सेलला जवळजवळ चौपट उजेड मिळतो.

भाचीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली. बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यावर, निम्म्याहून जास्त पैसे घालू नकोस. उरलेले या २८ मिलीमीटरच्या तोंडावर आणि न हलणाऱ्या ट्रायपॉडवर घाल.

मग भांडं तासभर ठेवू की

ठेवता येत नाही, कारण पृथ्वी फिरते. तासाला १५ अंश. रात्रीचं सगळं आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असतं आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा जागीच उभा असतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या टिंबांच्या रेघा होतात.

किती वेळात होतात, त्याचा जुना ठोकताळा आहे. ५०० ला फोकल लेंग्थने भागायचं. कॅननच्या छोट्या सेन्सरच्या बॉडीवर फोकल लेंग्थला आधी १.६ ने गुणायचं, निकॉनवर १.५ ने. १८ एमएमला उत्तर येतं १७ सेकंद, ५० एमएमला ६. माझ्या मते हा ठोकताळा फार सैल आहे. तो फिल्मच्या काळातला, लहान प्रिंटसाठी ठीक होता. आमच्या टूलरूमच्या भाषेत बोलायचं तर १८ मेगापिक्सेलच्या कॅननवर एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). ५० एमएम लेन्सने मृगाचा फोटो काढताना तारा एका पिक्सेलवरून पुढच्या पिक्सेलवर सव्वा सेकंदात जातो. सहा सेकंदांत पाच पिक्सेल. फोटो मोठा करून बघाल तर तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसेल. मी ५० एमएमला तीन-चार सेकंदांवर थांबतो आणि १८ ला दहा-बारावर. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे खगोलीय विषुववृत्तापाशी, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशात, आहेत, म्हणून ते सगळ्यात वेगाने सरकतात. ध्रुवाच्या बाजूला कॅमेरा केला तर बरीच सवलत मिळते.

म्हणजे अडचण अशी, की तोंड मोठं हवं म्हणून ५० एमएम घेतली, तर वेळ चारच सेकंद मिळाला. यावरचा तोडगा पुढे सांगतो. आधी बॉडीचं बघू.

बॉडीत काय बघायचं

ताऱ्यांसाठी बॉडीकडून फार थोडं मागणं आहे, पण त्यात तडजोड नाही. शटर हाताने ठरवता आलं पाहिजे, ३० सेकंद आणि त्यापुढे बल्ब मोड, म्हणजे हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवायची सोय. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं, मिळाली पाहिजे, कारण जेपेग करताना कॅमेरा अंधुक तारे आवाज समजून पुसून टाकतो. (फोटोवाले दाणेदारपणाला नॉइज म्हणतात, मी आवाजच म्हणतो.) लेन्स बदलता आली पाहिजे. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, चित्र दहा पट मोठं करून बघता आलं पाहिजे. त्याशिवाय ताऱ्यावर फोकस लागत नाही. आणि एक गोष्ट कुठल्याही यादीत ठळक नसते, पण मला ती फार मोलाची वाटते: वळणारा स्क्रीन. कॅमेरा डोक्यावरच्या आकाशाकडे तोंड करून उभा असतो. स्क्रीन वळत नसेल तर थंडीत ओल्या गवतावर पाठ टेकून, मान मोडून फोकस बघावा लागतो. वीस मिनिटांत उत्साह संपतो.

हे सगळं दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात) आहे. कॅनन ६००डी, ७००डी, निकॉन डी५३००, थोडे जास्त पैसे असतील तर कॅनन २००डी. चौघांचेही स्क्रीन वळतात. कॅननने २०१० च्या ५५०डी पासून २०१६ च्या १३००डी पर्यंत स्वस्त बॉड्यांमध्ये १८ मेगापिक्सेलचा जवळजवळ तसाच सेन्सर वापरला. त्यामुळे त्या रांगेत "नवं मॉडेल" म्हणून जादा पैसे देऊ नका. त्यापेक्षा वळणारा स्क्रीन असलेली जुनी बॉडी घ्या. काळ्या भागातल्या स्वच्छतेत निकॉन डी५३०० या जुन्या कॅननपेक्षा सरस आहे. कॅननला आयएसओ ८०० ते १६०० ठेवावा लागतो, डी५३०० ला त्याहून कमी चालतो. शिवाय ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय तिच्यात आतच आहे. ७००डीला वेगळा वायरचा रिमोट लागतो, किंवा मॅजिक लँटर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर कार्डावर टाकून तीच सोय मिळते.

मग मी कॅननकडे का झुकतो? कारण जुन्या कॅननसाठी लेन्स, वायरी, बॅटऱ्या आणि माहिती आपल्याकडे कुठेही मिळते. निकॉन मिळाली तर डोळे मिटून घ्या, पण तिच्यासाठी ५० एमएमची जुनी डी मालिकेतली लेन्स शोधा. डी५३०० वर तिचा ऑटोफोकस चालत नाही, म्हणून ती स्वस्तात जाते. आपल्याला ऑटोफोकस लागतच नाही.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या बॉड्या, चांगल्याच आहेत, पण या बजेटमध्ये बॉडी आली तर लेन्सला पैसे उरत नाहीत. फुल फ्रेमचंही तेच. मोठा सेन्सर मोठ्या, महाग लेन्स मागतो.

तांबडे तेजोमेघ टिपण्यासाठी सेन्सरपुढचा फिल्टर काढून घेतलेले कॅमेरेही मिळतात. हायड्रोजनचा तांबडा प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, हे खरं. पण पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, कृत्तिका, आकाशगंगा हे सगळं साध्या कॅमेऱ्यात उत्तम येतं, आणि दिवसा घरातले फोटोही नीट येतात.

सेकंडहँड घेताना

आपल्याकडे जुन्या बॉड्यांचा मोठा झरा म्हणजे लग्नाचे फोटो काढणारी मंडळी. लगीनसराईच्या आधी ते नवे कॅमेरे घेतात आणि जुने काढून टाकतात. बॉडी चांगली निगा राखलेली असते, पण चाललेली फार असते. म्हणून शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते विचारा. अशा बॉड्यांचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच तो आकडा सापडतो. कॅननला बहुतेक वेळा बॉडी वायरने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने बघावा लागतो, म्हणून लॅपटॉप घेऊन जा. चाळीस-पन्नास हजार झालेले असतील तरी घाबरू नका. एका रात्रीत तीनशे फोटो आणि वर्षात वीस चांगल्या रात्री धरल्या, तरी वर्षाला सहा हजारच होतात.

मग तीन तपासण्या, तिथेच उभ्या उभ्या. लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. दोन-चार रंगीत ठिपके चालतात, उभ्या-आडव्या रेघा नकोत. लेन्स एफ/१६ ला नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचा कचरा दिसेल. तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. परत फिरा.

माझी पहिली लेन्स अशीच गेली. मुंबईहून एका दुकानातून घेतली होती. दिव्याखाली काच चकचकीत दिसली, आतून बघायचं मला माहीतच नव्हतं. घरी येऊन महिन्याभरात प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती धुरकट वलय दिसायला लागलं. त्या लेन्ससाठी मी सहा महिने ओव्हरटाइम केला होता. तेव्हापासून माझा कॅमेरा जून ते सप्टेंबर रबरी कडांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत राहतो. नाशिक-इगतपुरीच्या पावसाळ्यात कपाटातला कॅमेरा सुरक्षित नाही.

झूमच्या आकड्यांवरून लोक मोठे एकसंध कॅमेरे घेतात. ते चंद्रासाठी छान आहेत, पण ताऱ्यांसाठी घेऊ नका. सेन्सर लहान, लेन्स बदलत नाही, आणि अनेक मॉडेलांत रॉ फाइलच नाही.

मोबाइल मात्र हसण्यावारी नेऊ नका. प्रो मोडमध्ये ३० सेकंद शटर देणारा फोन हातात असेल तर वीस रुपयेसुद्धा खर्च करायच्या आधी तो ट्रायपॉडवर लावा आणि एका काळोख्या रात्री बाहेर पडा. गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये आकाशासाठी वेगळा मोड दिला, तो चार मिनिटांपर्यंत एकामागून एक फोटो घेऊन आतच जुळवतो. त्या एका रात्रीत तुम्हाला कळेल की थंडी, अंधार आणि वाट बघणं आपल्याला आवडतं का. नाही आवडलं, तर पंचवीस हजार वाचले.

ग्रहांचं गणित वेगळं आहे. गुरूचं बिंब आकाशात इतकं लहान की २५० एमएमच्या लेन्सनेही ते डझनभर पिक्सेलांत मावतं. पट्टे किंवा शनीची कडी हवी असतील तर दुर्बीण, छोट्या सेन्सरचा व्हिडिओ कॅमेरा आणि लॅपटॉप लागतो. हजारो फ्रेम काढून त्यातल्या सगळ्यात स्थिर निवडतात. तो स्वतंत्र छंद आहे. पण गुरूचे चार मोठे उपग्रह, जे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले, ते २५० एमएमच्या साध्या झूमनेही टिंबांसारखे उमटतात. त्याचा आनंद काही लहान नाही.

चार सेकंदांची वीस मिनिटं

आता त्या अडचणीकडे. चार सेकंदच शटर उघडं ठेवता येतं, तर चार सेकंदांचे तीनशे फोटो काढायचे. वीस मिनिटांचा उजेड झाला. घरी आल्यावर सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही फुकट सॉफ्टवेअरं प्रत्येक फोटोतले तारे ओळखून सगळे फोटो एकमेकांवर बरोबर बसवतात आणि सरासरी काढतात. तारा प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, तो टिकतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, ते एकमेकांना खोडतात. हिशेब वर्गमुळाचा आहे: शंभर फोटोंना दाणे दहा पट कमी, तीनशेंना सतरा पट. याला स्टॅकिंग म्हणतात आणि कमी पैशांतल्या माणसाला याच्याएवढा आधार दुसऱ्या कशाचा नाही. जुन्या आणि नव्या बॉडीतला फरक आणखी अर्धा तास फोटो काढून भरून निघतो.

त्याच रात्री, त्याच थंडीत, लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे वीस-तीस फोटो काढायचे. त्यांना डार्क म्हणतात. सेन्सरचे स्वतःचे डाग त्यात उमटतात आणि सॉफ्टवेअर ते वजा करतं. सेन्सर गरम असला की दाणे वाढतात, साधारण दर सहा अंशांना उष्णतेचा आवाज दुप्पट होतो. निफाडची थंडी द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा आणते, पण सेन्सरला ती मानवते. मे महिन्याच्या रात्रीपेक्षा डिसेंबर-जानेवारीत तोच कॅमेरा स्वच्छ चित्र देतो.

भाचीने शेवटी ७००डी घेतली, सोबत जुनी ५० एमएम आणि जड ट्रायपॉड. डिसेंबरमधल्या अमावस्येला आम्ही दोघं पेठ रस्त्याला ओळखीच्या एका शेतावर गेलो. मी काहीच हातात घेतलं नाही, तिलाच करू दिलं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं सांगितलं. तिने कॅमेरा व्याधाकडे केला, स्क्रीन वळवला, चित्र दहा पट मोठं केलं. आधी जिऱ्याच्या गोळीएवढा धूसर गोळा होता. तिने रिंग अगदी नखाने ढकलावी तशी सरकवली. गोळा आकसला, कडेला जांभळट झाला, मग एकदम टोचणीच्या टोकाएवढा झाला आणि पुन्हा फुगू लागला. ती पुढे गेली होती. परत मागे, परत पुढे. पाच मिनिटं लागली. टोक सापडलं तशी तिने श्वास रोखून रिंगवर चिकटपट्टी लावली.

मग कॅमेरा मृगाकडे वळवला आणि लेन्स एफ/२.८ वर केली. पूर्ण उघडी ठेवली तर या लेन्समध्ये कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, म्हणून थोडं तोंड मिटावं लागतं. आयएसओ १६००, चार सेकंद, रिमोट. पहिलाच फोटो स्क्रीनवर आला. ती बराच वेळ मृगाच्या तलवारीकडे, म्हणजे पट्ट्याखालच्या ताऱ्यांच्या ओळीकडे, बघत होती.

"मामा, हा मधला तारा पुसट का आलाय? फोकस गेला का?"

"बाकीचे तारे बघ. टोकदार आहेत ना?"

"आहेत."

"मग तो तारा नाही. तो तेजोमेघ आहे. तिथे तारे जन्माला येतायत. तू बघतेयस तो उजेड साधारण तेराशे वर्षांपूर्वी निघालाय."

ती काही बोलली नाही. तो गुलाबी पुसट डाग तिने मोठा करून, लहान करून, पुन्हा मोठा करून पाहिला. याच तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये न्यूयॉर्कजवळ ११ इंची दुर्बिणीतून काढला, तेव्हा त्यांना ५१ मिनिटं शटर उघडं ठेवावं लागलं होतं.

एकच्या सुमाराला चित्रं मऊ पडायला लागली. लेन्सवर दव बसलं होतं. अशा वेळी काच पुसायची नाही. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात, त्यातली एक रबरबँडने लेन्सभोवती बांधली की दव धरत नाही.

या पायरीच्या पुढे जायचं असेल तर नवा कॅमेरा नको, कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारा ट्रॅकर हवा. विकतचा महाग आहे. पण सातपूर-अंबडसारखे कारखाने असलेल्या गावात राहून तो विकतच घ्यायला हवा असं नाही. प्लायवूडच्या दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या. बिजागरीपासून २२८.५ मिलीमीटरवर एम६ चा आट्यांचा रॉड बसवायचा. एम६ ला एका फेऱ्यात १ मिलीमीटर सरक मिळते, आणि या अंतरावर मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी बरोबर पृथ्वीच्या वेगाने उघडत जाते. बिजागरीची रेघ ध्रुवताऱ्याकडे रोखलेली हवी. मी पहिल्यांदा हा हिशेब स्वतः केला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. रोज ज्या आट्यांशी झुंजतो, त्याच आट्यांनी पृथ्वीचं फिरणं रद्द करता येतं! हाताने फेरा देऊनही ५० एमएमला एकेक मिनिटाचे फोटो मिळतात. चारच्या जागी साठ सेकंद.

नाशिककरांना त्यात एक अडचण येते. आपण २० अक्षांशावर आहोत, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त २० अंश वर असतो. झाड, डोंगर, धुरकट हवा, काहीही त्याला झाकतं. म्हणून जागा निवडताना उत्तरेकडचं क्षितिज मोकळं हवं.

कुठे जायचं, केव्हा जायचं

शहरातून चंद्र, ग्रह आणि ठळक तारे टिपता येतात, त्यापुढे फारसं काही नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे महागडे फिल्टर तो नीट गाळू शकत नाहीत. फिल्टरच्या पैशांत पेट्रोल भरा आणि तीस-चाळीस किलोमीटर बाहेर पडा.

कुठल्या बाजूला, हे काय टिपायचंय त्यावर ठरतं. शहराचा उजेड पाठीमागे राहिला पाहिजे. देवयानी दीर्घिका उत्तरेकडे झुकलेली, तिच्यासाठी दिंडोरी, वणी, सुरगाण्याच्या बाजूला. धनु-वृश्चिकातली आकाशगंगा दक्षिणेला, तिच्यासाठी भंडारदऱ्याच्या दिशेने. त्र्यंबक-हरसूलकडे पश्चिमेचं आकाश चांगलं मिळतं. आपल्या अक्षांशाची एक मोठी देणगी आहे. आकाशगंगेचं केंद्र आपल्याकडे जवळजवळ ४१ अंश वर येतं, उत्तर युरोपातल्या लोकांना ते क्षितिजाला घासून जाताना दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे, मेमध्ये मध्यरात्रीनंतर ते बघा. त्यानंतर पाऊस सगळं झाकतो. ऑक्टोबरात संध्याकाळी नैर्ऋत्येला ते थोडा वेळ परत भेटतं. मृग आणि कृत्तिका दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे चार दिवस खूण करून ठेवा. कोजागिरीला तारे शोधू नका, त्या रात्री चंद्राचे फोटो काढा. तो उन्हात उजळलेला दगड आहे, त्यामुळे शटर दिवसा ठेवतो तसंच वेगवान ठेवायचं.

एकटं जाऊ नका. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नका. निफाड-सिन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, तिकडे रात्री वस्तीजवळच थांबा.

भाचीला मी पुढचं एक काम देऊन ठेवलंय. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो, हे नाशिकच्या पोराटोरांना माहीत असतं, पण तो गुरू सिंहेत प्रत्यक्ष कुठे उभा आहे हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू प्रतियुतीत असेल, म्हणजे सूर्य मावळताना पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल, मघा ताऱ्याच्या अलीकडे. ५० एमएमच्या लेन्समध्ये २५ अंश रुंद आकाश मावतं, त्यात गुरू, मघा आणि सिंहेचा सगळा विळा (विळ्यासारखी वळलेली ताऱ्यांची ओळ) येतो. त्याच्या आधी-नंतर दोन-दोन महिने गुरू वक्री चालेल. दर पंधरा दिवसांनी एक फोटो, प्रत्येक वेळी विळा त्याच चौकटीत धरून. मग सगळे एकावर एक ठेवायचे. गुरू थांबतो, मागे फिरतो, पुन्हा पुढे निघतो, ते तिच्या स्वतःच्या फोटोंत दिसेल.

त्र्यंबकेश्वरात १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढायच्या आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम करत टिपली होती. भाचीने कॅलेंडरवर तारखा लिहिल्यात. त्यातली सगळ्यात आधीची तारीख डिसेंबर २०२६ मधली आहे, आणि त्या रात्रीसाठी जागा तिने आत्ताच बघून ठेवली आहे, पूर्व मोकळी असलेली.